अवघड जागेचं दुखणं

गणिताचा पेपर सुरू होऊन तासभर झाला असेल, वर्गात नुसती पेनांची खरखर ऐकू येत होती, आणि मला खाज सुटली. कुठे, ते मी स्वतःशीसुद्धा लगेच उच्चारलं नाही. माझी आई त्या जागेला 'खाली' म्हणायची. खाली दुखतंय का, खाली नीट धुतलंस का. जसं काही बाई म्हणजे दुमजली घर आणि खालचा मजला भाड्याने दिलेला. तर खाली. आधी वाटलं, परकराची शिवण लागत असेल. खुर्चीतून उठून मी बाकांमधून एक फेरी मारली. चालल्यावर बरं वाटायच्या ऐवजी घासून आणखी पेटलं. दहावीच्या सुपरव्हिजनला वर्ग सोडून जाता येत नाही. बदली माणूस मागता येतो, पण मग केंद्रसंचालक सरांना कारण सांगावं लागतं. सरांना मधुमेहापासून मूळव्याधीपर्यंत सगळ्यांची सगळी कारणं ठाऊक असतात आणि ती त्यांच्याकडून पुढे सगळ्या स्टाफलाही ठाऊक होतात. एका मुलीने पुरवणीसाठी हात वर केला. तिला पुरवणी देऊन मी तिच्या बाकाच्या कोपऱ्याला टेकून उभी राहिले, आणि त्या लाकडी कोपऱ्याचा मला जो आधार वाटला त्याची मलाच लाज वाटली. मुलं कॉपी करतायत का ते बघायला मला तिथे ठेवलं होतं, आणि चोरासारखी इकडेतिकडे मीच बघत होते. घंटा व्हायची वेळ आली तोवर खाजेची आग झाली होती. उत्तरपत्रिका गोळा करायला मी इतक्या घाईने निघाले की पहिल्या बाकावरचा मुलगा म्हणाला, "बाई, अजून एक मिनिट आहे."

घरी येऊन न्हाणीत कडी लावली आणि दर्शनचा, माझ्या नवऱ्याचा, दाढीचा आरसा घेऊन उकिडवी बसले. छत्तीस वर्षांत पहिल्यांदाच बघत होते. लाल झालेलं, सुजलेलं, आणि कडेने बारीक पाण्याचे फोड. बाहेरून माझ्या सासूबाई, सगुणाआई, हाक मारत होत्या, "अगो, झाला काय? चाय निवली." आणि त्या क्षणी, आरसा हातात असताना, माझ्या डोक्यात एकच शब्द आला. बोट.

दर्शन बोटीवर असतो. रत्नागिरीत हे सांगितलं की पुढचं कुणी विचारत नाही. आमच्या आळीत घराआड एक बोटीवरचा आहे. बायका एकमेकींना पावसापाण्याचं विचारावं तसं विचारतात, "उतरले का?" "परत कधी चढणार?" दर्शन मालवाहू बोटीवर फिटर आहे, आठ-नऊ महिने चढलेला असतो, तीन महिने उतरलेला. माझ्या लग्नात माझे धाकटे काका पान चघळत म्हणाले होते, बोटीवरच्याला बंदरागणिक बायको, तू आपली रत्नागिरी बंदराची. सगळे हसले, मीही हसले. नऊ वर्षं हसत होते. सांतोस, डर्बन, बुसान. तो नावं सांगायचा आणि मी आमच्या लेकीला, राहीला, नकाशात दाखवायचे, हे बघ, बाबा इथे आहे. भूगोल शिकवणाऱ्या बाईला नवऱ्याचा नकाशा वाचता आला नाही, असं मी न्हाणीत स्वतःला म्हणाले, आणि ते म्हणताना मला रडू आलं नाही, राग आला. राग बरा असतो. त्याने निदान खाजेचा विसर पडतो.

आणि किती लाडाने मी त्याचं स्वागत केलं होतं! तो आला त्याच्या दुसऱ्या दिवशी सगुणाआईंच्या माहेराहून ओल्या काजूबियांची पिशवी आली. बाजारात सोललेले काजूगर मिळतात, पण आईंच्या मते विकतचे गर म्हणजे दुसऱ्याच्या घरचं जेवण. मग मीच बसले दुपारभर मागच्या पडवीत विळी घेऊन. ओल्या बीचा चीक फार वाईट, लागेल तिथे कातडं जाळतो, म्हणून शेजारी खोबरेलाची वाटी ठेवायची, बोटं तेलात बुडवायची, बी चिरायची, गर काढायचा, परत बोटं बुडवायची. आमच्याकडे सगळ्या बायका असंच करतात. संध्याकाळी उसळ झाली. दर्शनने तीनदा घेतली. बोटीवरचा कुक केरळचा आहे, तो सगळ्यात सांबार मसाला घालतो म्हणाला, आणि ताट बोटाने पुसून खाल्लं. साबणाने दोनदा हात धुतले तरी माझी बोटं खरखरीतच लागत होती, म्हणून वाटीतलं उरलेलं तेल मी खोलीत घेऊन गेले. घरच्या खोबऱ्याचं, घाण्यावरचं तेल. ते फेकून देईल अशी बाई कोकणात अजून जन्मायची आहे. राही आजीकडे झोपली. आठ महिन्यांनी आलेला नवरा, बाजूला तेलाची वाटी, पुढचं काय सांगायचं. मी सुखात होते, एवढं मात्र सांगते. नंतर तेच मला जास्त टोचायला लागलं, की मी तेव्हा सुखात होते.

म्हणतात ना, अवघड जागेचं दुखणं आणि जावई डॉक्टर. माझ्या बाबतीत सगळं गावच जावई. वीस मिनिटांत या टोकापासून त्या टोकाला जाता येतं असल्या गावात बारा वर्षं शाळेत शिकवलं की कुठल्याही काउंटरच्या पलीकडे आपलाच विद्यार्थी उभा असतो. पहिल्या औषधाच्या दुकानात विनीत होता. नववीत असताना मी त्याला अक्षांश-रेखांश येत नाहीत म्हणून बाकावर उभं केलं होतं. "बोला बाई, काय देऊ?" मी खोकल्याचं औषध घेऊन आले. दुसऱ्या दुकानात ओळखीचं कुणी नव्हतं, पण माझ्या मागे दोन पुरुष उभे होते. मी "खाजेचं मलम" म्हटलं, दुकानदाराने जोरात विचारलं, "कुठे लावायचंय? गजकर्ण आहे का?" मी मान हलवली. त्याने एक ट्यूब दिली. ती लावल्यावर मी ओढणीचा बोळा तोंडात धरला. मग हळद लावली. मग कडुनिंबाच्या पाल्याचं पाणी. मग बूचभर जंतुनाशक टबात ओतून त्यात बसले, दिवसातून तीन-तीनदा साबण लावला. कारण आता ती नुसती खाज नव्हती, ती घाण होती, बाहेरून आलेली, आणि ती मला घासून काढायची होती. सगळं करून झालं की शेवटी वाटीतलं खोबरेल लावायचे. तेवढंच पाच मिनिटं गार वाटायचं. रात्री सगळे झोपल्यावर मोबाइलवर शोधायचे. जे वाचायचे त्यातलं निम्मं भीतीचं असायचं आणि उरलेलं किळसवाणं. वाचून झालं की सगळं पुसून टाकायचे. मोबाइल मात्र विसरत नाही. दुसऱ्या दिवशी स्टाफरूममध्ये ऋतिका मॅडमना राहीचे फोटो दाखवत होते, तर मध्येच कुठल्यातरी गुप्तरोगतज्ज्ञाची जाहिरात उघडली. ऋतिका मॅडमनी नजर खिडकीकडे वळवली. त्या फार सभ्य आहेत, आणि सभ्य माणसंच अशा गोष्टी लक्षात ठेवतात.

दर्शनला विचारायचं होतं. दररोज सकाळी ठरवायचे, आज विचारते. पण विचारायचं काय? तू कुणाकडे गेला होतास? आणि तो हो म्हणाला तर? घर आईंच्या नावावर. माझं माहेर म्हणजे दोन खोल्यांत भाऊ-भावजय आणि त्यांची दोन मुलं. राहीला बाबा उतरला की दिवाळी. हो म्हणाला तर मला काहीतरी करावं लागणार होतं, आणि काय करायचं ते मला सुचत नव्हतं. नाही म्हणाला तर मी विश्वास ठेवू शकणार नव्हते. दोन्ही दारं बंद, आणि आत मी, दोन मांड्या एकमेकींना लागू नयेत म्हणून फेंगडी चालणारी. आई म्हणाल्या, "पाय का गो असे टाकतंस? मुरगळला काय?" मी म्हटलं, हो, शाळेच्या पायरीवर. खोटं बोलायची एकदा सवय लागली की फार सोपं जातं.

आणि तोही बदलला होता. पहिल्या आठवड्यातला दर्शन कुठे गेला मला कळेना. पलंगाच्या कडेला, भिंतीकडे तोंड करून झोपायचा. मी हात लावला तर म्हणायचा, दमलोय. घरी बसून दमला? दिवसभर लुंगीत. मित्र पोहायला बोलवायला आला तर नको म्हणाला, समुद्राला कंटाळलोय म्हणे. एकदा चिपळूणला जाऊन आला, काम काय ते सांगितलं नाही. रविवारी राहीच्या हट्टाने आरे-वारेला गेलो. स्कूटरवर तो पुढे, मध्ये राही, मागे मी. रस्त्यातल्या प्रत्येक खड्ड्यागणिक मी दात आवळत होते, आणि माझ्या लक्षात आलं की तोही सीटवर सारखा कड बदलतोय. किनाऱ्यावर राही पाण्यात पळाली. आम्ही दोघं वाळूत बसलो, मध्ये दोन माणसं बसतील एवढी जागा सोडून. त्याने मला विचारलं, "मी नसताना कंटाळा येत असेल ना तुला?" मी म्हटलं, "सवय झालीय." "कशाची?" तो म्हणाला, आणि माझ्याकडे असं बघितलं की जणू काही मी काहीतरी कबूल करणार आहे. मला वाटलं, याला कबूल करायचंय आणि धीर होत नाहीये. गुन्हेगाराला असंच वाटतं, समोरच्याने आधी बोलावं. म्हणून मी मुद्दामच गप्प बसले. सुटका अशी स्वस्तात देणार नव्हते मी त्याला.

अखेर एक दिवस फोड फुटले आणि मला वर्गात उभं राहता येईना, तेव्हा मी संगमेश्वरला जायचं ठरवलं. तिथे एक कातडीच्या डॉक्टरीणबाई आहेत असं कळलं होतं, आणि मुख्य म्हणजे तिथल्या कुणाला मी भूगोल शिकवलेला नाही. घरी सांगितलं, पेपर तपासणीची मीटिंग आहे. दर्शन म्हणाला, "मी सोडतो." मी इतक्या घाईने नको म्हटलं की तो नुसता बघत राहिला. आई म्हणाल्या, "संगत कोन हाय?" मी म्हटलं, कुणी नाही, एकटीच. "एकटीच," आई म्हणाल्या आणि दर्शनकडे बघितलं. मला तेव्हा त्यात काही दिसलं नाही. आपल्या दुखण्यात बुडालेल्या माणसाला दुसऱ्याच्या नजरा कुठे दिसतात.

एसटीत खिडकीला डोकं टेकून मी वाक्यं पाठ करत गेले. माझे मिस्टर बोटीवर असतात. बस, एवढंच म्हणायचं, पुढचं डॉक्टरला कळेल. खरंच तेवढंच म्हटलं. डॉक्टरीणबाईंनी चेहऱ्यावर काही दाखवलं नाही. पडद्यामागे तपासलं, हातमोजे काढले आणि म्हणाल्या, "हात दाखवा." मला वाटलं, नाडी बघणार. त्यांनी माझी बोटं उजेडात धरली. टोकांचं सालपट निघत होतं. "हे कशाने?" काजू सोलले होते, मी म्हटलं. "हं. आणि खाली काय काय लावलंत?" मी सांगत गेले: साबण, हळद, कडुनिंब, जंतुनाशक, ती ट्यूब. प्रत्येक नावाला त्यांचा चेहरा आणखी पडत गेला. "आणि खोबरेल," मी म्हटलं. "खोबरेलाने एवढं नाही व्हायचं. कुठलं?" "घरचंच. बाटलीतलं नाही, वाटीतलं…" आणि मी थांबले. वाटीतलं. दुपारभर चिकाची बोटं बुडवलेल्या वाटीतलं. त्या उसळीच्या रात्रीचं. आणि त्यानंतर रोज गार वाटावं म्हणून मीच माझ्या हाताने लावलेलं. डॉक्टरीणबाई हसल्या नाहीत, त्याबद्दल मी त्यांची जन्मभर ऋणी राहीन. म्हणाल्या, "तळहाताचं कातडं जाड, त्याला कळायला वेळ लागतो. नाजूक जागेला लगेच कळतं. हे संसर्गाचं दिसत नाही. तुमच्या मनासाठी रक्त तपासू हवं तर. पण आता सगळं बंद. साबण नाही, हळद नाही, नुसतं साधं पाणी, गार पाण्याची घडी, सैल सुती कपडे, आणि मी देते ते मलम थोडे दिवस, तेही पातळच." मग चिठ्ठी लिहिता लिहिता विचारलं, "मिस्टरांना काही त्रास?" मी नाही म्हणणार होते. मग मला लुंगी आठवली, भिंतीकडचं तोंड आठवलं, स्कूटरवर बदललेली कड आठवली. मी म्हटलं, "असावा."

परतीच्या एसटीत मी एकटीच हसत होते. शेजारची म्हातारी सरकून बसली. हलकं वाटत होतं म्हणजे काय, इतके दिवस कुणीतरी छातीवर बसलं होतं ते उठलं होतं. बिचारा दर्शन! सांतोस, डर्बन, बुसान, कुठे कुठे मी त्याला मनातल्या मनात पाठवलं होतं. घरात शिरले ती सरळ खोलीत गेले. तो पलंगावर बसला होता. फळीवरची वाटी घेऊन मी त्याच्यासमोर धरली आणि धापा टाकत सगळं सांगितलं, काजू, चीक, तेल. "तुलाही झालंय ना? खरं सांग." त्याने आधी वाटीकडे बघितलं, मग माझ्याकडे, आणि दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं. रडतोय की काय, मला कळेना. हात काढले तेव्हा तो हसत होता. "काजू," म्हणाला. "आयला, काजू! अगं, मी चिपळूणला जाऊन रक्त तपासून आलो. काही निघालं नाही, तरी डोक्यातून जाईना. मला वाटलं…" तो थांबला. "काय वाटलं?" मी म्हटलं. "जाऊ दे ना आता." "काय वाटलं, दर्शन?" तो म्हणाला, "आठ महिने मी नव्हतो. माझ्याकडून तर काही नाही, हे मला माहीत. मग राहिलं कोण?"

मी वाटी फळीवर ठेवली. मला रागावताही येईना. त्याने जे केलं तेच मी केलं होतं, रोज, तिन्ही त्रिकाळ. हिशेब बरोबरीत सुटला, असं स्वतःला सांगून मी मोकळी होणार होते, एवढ्यात तो उठला आणि उत्साहाने म्हणाला, "थांब, आईला सांगून टाकतो, तसलं काही नव्हतं म्हणून." मी म्हटलं, "आईंना काय माहीत?" तो दारात घुटमळला. "अगं, मी विचारलं होतं जरा. घरी कोण येतं-जातं. कुणाचे फोन येतात." आणि तो गेलासुद्धा. स्वयंपाकघरातून त्याचा आवाज आला, मग आईंचा. मी तिथे जाऊन उभी राहिले. आईंनी मला बघून पदर तोंडाला लावला. "बरा झाला गो बाय. माझा जीव टांगनीला लागला होता. पन मी कोनाला बोललंय नाय हां, देवाशप्पत." मग जरा वेळाने, चहाचं आधण ठेवताना, माझ्याकडे पाठ करून म्हणाल्या, "एक तुज्या कमळामावशीला तेवढा बोललंय. तिचा तोंड माहीत हाय मला, पन बहीन ना माझी."

दाभोळच्या कमळामावशी. त्यांना दोन सुना आणि तीन विवाहित मुली आहेत, आणि फोन त्यांच्या कानापासून फक्त झोपेत लांब जातो. दर्शन म्हणाला, "त्यात काय, आता तिला सांगू की काजूचं होतं." आणि त्याचं त्यालाच ऐकू आल्यावर तो गप्प झाला. कारण काजूचं होतं म्हणजे काय होतं, कुठे होतं, आणि तिथे ते गेलं कसं, हे सगळं सांगितल्याशिवाय ते काजूचं ठरत नव्हतं. न सांगावं तर मी दाभोळपासून रत्नागिरीपर्यंत बोटीवाल्याची तसली बायको. सांगावं तर आमच्या पलंगाशेजारची वाटी दाभोळच्या माजघरात. विनीतसमोर जिला एक ट्यूब मागता आली नव्हती, तिने काय करायचं? आई म्हणाल्या, "ऱ्हाऊ दे. लोका इसरतात." लोक विसरत नाहीत. मी स्वतः विसरले नसते. आधणाला उकळी आली तरी चहा टाकायचं कुणाला सुचत नव्हतं.

मी आईंच्या कमरेचा मोबाइल मागून घेतला. "नको गो," त्या म्हणाल्या. दर्शन म्हणाला, "राजश्री, मी बोलतो." मी म्हटलं, "तू बोललास तेवढं पुरे." खोलीबाहेर आईंसमोर मी त्याला कधी तू म्हटलं नव्हतं. मी मावशींचा नंबर लावला आणि दोघांना ऐकू येईल असा आवाज मोठा केला. "बोल गो सगुना," मावशी म्हणाल्या. "कायतरी कळला काय?" मी म्हटलं, "सगुणा नाही, राजश्री बोलतेय." पलीकडे कुणीतरी टीव्ही बंद केला. मग मी सांगितलं. पाठ केलेलं नव्हतं तरी वर्गात धडा समजावून द्यावा तसं नीट सांगितलं. काजू कोणी सोलले, तेल कशासाठी होतं, ते नंतर कुणी कुठे वापरलं, खाज कुठे सुटली, मला आणि तुमच्या भाच्याला, डॉक्टर काय म्हणाल्या. आई भिंतीकडे तोंड करून उभ्या होत्या. दर्शनची मान खाली होती. "अगो बाय गो," मावशी म्हणाल्या. "अगो, ह्या सगला मला कशाला सांगतंस? मी काय मनात आनलाच नव्हता."

"आणखी एक राहिलं, मावशी," मी म्हटलं. "मीही त्याच्यावर हाच संशय घेतला होता. रोज घेतला. फक्त मी कुणाला फोन केला नाही."

दर्शनने मान वर केली. मावशींनी फोन ठेवला नाही. आणि मीही ठेवला नाही.